बोया, छोटा जिग आणि कागदी ओठांचा मासा : क्रॅपीकडून आपण काय शिकावं



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची बंदी. ट्रॉलर धक्क्याला, जाळी शेडमध्ये, आणि आपल्यातले बरेचजण गरी घेऊन खाडीच्या काठाला. दरवर्षी या दिवसांत आपण गरीच्या कामावर एक धडा टाकतो. यंदाचा धडा लांबचा आहे. अमेरिकेतल्या तळ्यांचा, गोड्या पाण्याचा. एवढ्या लांबचा का, ते आधी सांगतो.

आपल्या एका सभासदाचा मुलगा टेक्ससला नोकरीला आहे. रविवारी मित्रांबरोबर तळ्यावर गरवायला जातो. एकदा त्याने घरी व्हिडिओ कॉल केला. म्हणाला, "बाबा, मासा लागतो, पण अर्ध्या वाटेत सुटतो. गरीला नुसतं पातळ कातडं राहतं." बाबांनी चाळीस वर्षं तामसो नि गोबरो गरीवर काढलेले. ते म्हणाले, "हिसका कमी पडतो पुता. जोरात मार." पुढच्या रविवारी पोराने जोरात हिसका मारला आणि होते नव्हते ते सगळे मासे गेले. बाबा कार्यालयात येऊन बसले. "माझा शब्द चुकला काय?" म्हणून विचारायला लागले.

शब्द चुकला नव्हता. मासा वेगळा होता. मग आम्ही चार-पाच जणांनी बसून त्या माशाचा आणि त्या गरीचा नीट अभ्यास केला. त्यातलं बरंच आपल्याही कामाचं निघालं. म्हणून हा धडा.

मासा कोणता?

क्रॅपी. तिथले बरेच लोक त्याला क्रॉपी म्हणतात. मूळ उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचा, तळ्यांतला आणि संथ नद्यांतला मासा. दोन जाती आहेत, पांढरी आणि काळी. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाठीच्या पंखातले काटे मोजायचे. पांढरीला बहुधा ५ ते ६ काटे, काळीला ७ ते ८. पांढरीच्या अंगावर उभे फिकट पट्टे असतात, काळीच्या अंगावर विस्कटलेले ठिपके. पांढरी गढूळ पाणी सहन करते, काळीला स्वच्छ नि पाणवनस्पतींचं पाणी आवडतं.

अंगाने चपटा, साधारण वीतभर ते सव्वा वीत. किलोच्या आतलेच मासे जास्त. अडीच किलोच्या आसपासचा म्हणजे जागतिक विक्रम. पांढऱ्या जातीचा विक्रम १९५७ सालचा, मिसिसिपी राज्यातला. काळ्या जातीचा २०१८ सालचा, टेनेसी राज्यातला. म्हणजे हा ताकदीचा मासा नव्हे. चवीचा मासा. मांस पांढरं, मऊ, तळायला उत्तम.

आता तीन गोष्टी ध्यानात धरा. पुढचा सगळा धडा या तिघांवर उभा आहे.

एक. डोळे मोठे आणि वरच्या अंगाला. हा मासा वर बघतो आणि वर येऊन खातो. खाली पडलेलं आमिष त्याला सहसा दिसत नाही.

दोन. ओठांची कातडी कागदासारखी पातळ. तिथले लोक त्याला कागदी तोंडाचा म्हणतात. जोराचा हिसका बसला की भोक पडतं, भोक मोठं होतं, गरी निसटते.

तीन. हा थव्याने राहतो, आणि बुडालेली झाडं, खुंट, जेट्टीचे खांब यांच्या आडोशाला एकाच खोलीवर तरंगत थांबतो.

म्हणजे आमिष माशाच्या थोडं वर, एकाच खोलीवर, शांत टांगून ठेवता आलं पाहिजे. बोया नि छोटा जिग नेमकं तेच करतात.

जिग म्हणजे काय?

गरीच्या मानेवर शिशाचा छोटा गोळा ओतलेला, आणि मागे पिसं, केस किंवा मऊ रबराची शेपटी. वेगळं वजन नको, वेगळं आमिष नको. गरी, वजन, आमिष तिन्ही एकात.

क्रॅपीसाठी जिग फार हलका लागतो. सगळ्यात जास्त चालणारे दोन. एक साधारण ०.९ ग्रॅमचा, दुसरा साधारण १.८ ग्रॅमचा. थंडीत मासा सुस्त असला की अर्ध्या ग्रॅमचासुद्धा वापरतात. आपल्याकडे समुद्रात ४०-६० ग्रॅमचे जिग बघितलेल्या माणसाला हे खेळणं वाटेल. पण हलका जिग हळू बुडतो, नि हळू बुडणारं आमिष हेच लहान मासळीसारखं दिसतं.

तंगूस बारीक, दोन ते तीन किलो ताकदीचं. जाड तंगूस घेतलं तर एवढ्याशा वजनाला ते सरळच होत नाही, वेटोळी तशीच राहतात, आणि मासा तोंड लावून सोडून गेला तरी बोया हलत नाही. काठी हलकी आणि टोकाला मऊ. मऊ टोक म्हणजे पातळ ओठाला उशी.

गरीची तार बारीक असते. याचा एक फायदा आहे. झाडात अडकली की हळूहळू, सरळ ओढली तर गरी वाकून सुटते, जिग वाचतो. मग पक्कडीने परत वळवून घ्यायची.

बोया दोन तऱ्हेचे

पहिला, घट्ट बसणारा. तंगूसावर एका जागी चिमटतो. पाणी कंबरभर असेल तर हाच बरा, सोपा. पण खोली काठीच्या लांबीपेक्षा जास्त झाली की अडचण. बोया काठीच्या टोकाला येऊन अडकतो, खाली अडीच-तीन मीटर तंगूस लोंबतं. फेकता येत नाही, मासा वर घेता येत नाही.

दुसरा, सरकता बोया. यात तंगूस बोयाच्या मधल्या भोकातून मोकळं सरकतं. बांधायचा क्रम काठीकडून गरीकडे असा :

१. आधी जाड दोऱ्याची गाठ. मुख्य तंगूसावर दोऱ्याचे चार-पाच वेढे देऊन घट्ट ओढायचे. ही गाठ बोटाने सरकवता येते, पण आपोआप सरकत नाही. काठीच्या कड्यांतून आणि रीलवर ती सहज जाते.
२. मग एक बारीक मणी. गाठ बोयाच्या भोकात शिरू नये म्हणून.
३. मग बोया.
४. मग जिगच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा एक बारीक मणी चिमटायचा.
५. शेवटी जिग.

फेकताना बोया खाली शिशापर्यंत येऊन थांबतो, म्हणून फेक सोपी. पाण्यात पडल्यावर जिग तंगूस ओढत खाली जातो. गाठ मण्याला टेकली की थांबतो. गाठ जिथे, खोली तिथे. तीन मीटर ठेवा, पाच ठेवा, काठी तीच चालते.

आता क्रमांक ४ चा शिशाचा मणी का, तर अर्ध्या ग्रॅमचा जिग एकटा तंगूस ओढू शकत नाही. तो बोयाखाली तसाच लोंबत राहतो. आपल्याला वाटतं आमिष तीन मीटरवर आहे, आणि असतं ते हातभर खाली. सरकता बोया लावून मासा मिळत नसेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

बोयाचं वजन जुळवणं

हे काम घरी बादलीत करा. बोया, शिसं, जिग सगळं लावून पाण्यात सोडा. बोयाचं फक्त टोक बाहेर दिसलं पाहिजे. अर्धा बोया वर तरंगत असेल तर माशाला तो खाली ओढताना जोर लागतो, त्याला संशय येतो आणि तो आमिष थुंकतो. शिशाचे मणी एकेक वाढवत जा. पार बुडाला की एक काढा. झालं.

जिग पाण्यात आडवा टांगला पाहिजे, पोहणाऱ्या मासळीसारखा. शेपटी खाली लोंबत असेल तर तो मेलेला दिसतो. त्यासाठी जिगच्या कडीवरची गाठ बरोबर वरच्या बाजूला सरकवायची. प्रत्येक मासा काढल्यावर, प्रत्येक अडकण्यानंतर गाठ पुढे-मागे होते. बघायची, परत जागेवर आणायची. दोन सेकंदाचं काम, पण निम्मे लोक विसरतात.

खोली कशी शोधायची?

आधी तळ मोजा. जिगला जास्तीचं शिसं अडकवून बोयासकट सोडा. बोया आडवा पडला तर शिसं तळाला टेकलंय, गाठ खाली घ्या. बोया पूर्ण बुडाला तर पाणी अजून खोल आहे, गाठ वर घ्या. बोया उभा राहून टोकाशी थांबला की ती तळाची खोली.

मग जास्तीचं शिसं काढा आणि तळापासून किंवा बुडालेल्या झाडाच्या शेंड्यापासून हातभर वर जिग ठेवा. दहा मिनिटं काही नाही, तर अजून हातभर वर. खाली नाही, वर. कारण क्रॅपी वर येते, खाली जात नाही. आमिष तिच्या दोन हात वर असलं तर ती येईल. एक हात खाली असलं तर तिला कळणारही नाही. एक मासा लागला की गाठ हलवू नका. थवा त्याच खोलीवर आहे.

मोसमाप्रमाणे खोली बदलते. वसंतात पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसला आलं की क्रॅपी अंडी घालायला काठाजवळच्या उथळ पाण्यात येते. उन्हाळ्यात बुडालेल्या झाडांकडे, खोल सावलीत जाते. हिवाळ्यात अजून खोल आणि सुस्त. दिवसात बघाल तर पहाट आणि संध्याकाळ चांगली, कारण मोठ्या डोळ्यांना कमी उजेडात दिसतं.

हात कसा चालवायचा?

फेका. जिग खाली जाऊन बोया उभा राहू द्या. दहा आकडे मोजा. मग काठीच्या टोकाने बोया हातभर ओढा. ओढताना जिग वर उचलला जातो, थांबलात की परत हळू खाली येतो. परत दहा आकडे. बहुतेक मासे या थांबण्यात लागतात, ओढण्यात नाही. पाण्यावर बारीक लाटा असतील तर तेवढंही नको. लाट बोया हलवते, बोया जिग हलवतो. आपण हात बांधून बसायचं. आपल्या माणसाला हेच सगळ्यात कठीण!

पाणी स्वच्छ असेल तर पांढरा, करडा, मासळीच्या रंगाचा जिग. गढूळ असेल तर झगझगीत पोपटी-पिवळा, गुलाबी किंवा गडद काळा. रंगावर प्रत्येक गरीवाल्याचं मत वेगळं असतं. आमचं म्हणणं एवढंच, की आधी खोली बदला, मग वेग बदला, रंग सगळ्यात शेवटी.

बोया काय बोलतो?

बोया खाली गेला, हे सगळ्यांना कळतं. बाकीच्या तीन खुणा शिका.

बोया अचानक आडवा पडला किंवा वर उचलला. मासा आमिष घेऊन वर आलाय, जिगचं वजन त्याने तोंडात उचललंय. वर खाणाऱ्या माशाची ही खास खूण. नवखा माणूस म्हणतो "तळाला टेकलं" आणि गप्प बसतो.

बोया बाजूला सरकला, वारा नसताना. मासा घेऊन निघालाय.

फेकल्यावर बोया उभाच राहिला नाही. जिग खाली जातानाच मधल्या खोलीवर कोणीतरी घेतलाय. एक तर मासा काढा, दुसरं म्हणजे गाठ तेवढी खाली घेऊन खोली कमी करा. थवा वर आहे.

हिसका नको, उचला

आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. तामसोचं तोंड हाडाचं, दात दांडगे, मासा लागल्याबरोबर खडकात नाहीतर खारफुटीच्या मुळांत पळतो. तिथे हिसका मारलाच पाहिजे, ओढून बाहेर काढलाच पाहिजे. नाहीतर तंगूस तुटणार. क्रॅपीचं उलटं. बारीक तारेची गरी अणकुचीदार असते, ती नुसत्या ताणाने घुसते. म्हणून :

रीलने आधी ढिलं तंगूस गोळा करा. मग काठी सावकाश वर उचला, वजन जाणवेपर्यंत. जाणवलं की तोच ताण धरून ठेवा. ढील नाही, झटका नाही. रीलचा ब्रेक सैल ठेवा. आणि शेवटी काठीने उचलून होडीत घेऊ नका. पाण्याबाहेर आला की त्याचं सगळं वजन त्या कागदी ओठावर येतं. हातजाळं पाण्यात धरा, मासा त्यावर आणा, मग उचला.

बाबांनी पोराला फोनवर एवढंच सांगितलं : "ओढू नको. उचल." पुढच्या रविवारी मासे होडीत आले.

तिथले नियम

आपली अमेरिकेतली मुलं वाचत असतील तर त्यांच्यासाठी. तिथे गरी टाकायला राज्याचा परवाना लागतो. दिवसाला किती मासे आणि किती लांबीचे, हे प्रत्येक राज्य ठरवतं, काही वेळा प्रत्येक तळ्याला वेगळं. टेक्ससमध्ये बहुतेक पाण्यांत दिवसाला २५ क्रॅपी आणि किमान लांबी १० इंच. नियम बदलतात, त्या वर्षीचे पाहूनच जावं. आणि बहुतेक राज्यांत गरीने हौसेखातर पकडलेली क्रॅपी विकता येत नाही. घरच्या कढईपुरतीच.

एक नियम आपल्याला विचार करायला लावणारा आहे. टेक्ससच्या लेक फोर्क तळ्यात डिसेंबर ते फेब्रुवारी किमान लांबी लागू नाही, पण सापडलेली प्रत्येक क्रॅपी ठेवायचीच, परत सोडायची नाही, आणि २५ झाल्या की थांबायचं. कारण थंडीत ती खूप खोल असते. खोलातून वर आणली की पोटातला हवेचा फुगा फुगतो, सोडलेला मासा बऱ्याचदा मरतो. मरणारा मासा सोडून मोठ्याची वाट बघत बसणं म्हणजे सोडणं नव्हे, नासाडी. आपण खोल पाण्यातून गोबरो काढतो तेव्हा त्याचे डोळे नि पोट बाहेर आलेलं बघितलंच आहे. कारण तेच.

आपल्या खाडीत यातलं काय चालेल?

सरकता बोया शंभर टक्के चालेल. गेल्या पावसाळ्यात आम्ही घट्ट बोया लावून मानशीजवळ बसलो. पहिला तास चांगला गेला. मग भरती चढली, पाणी हात-दीड हात वाढलं आणि मासे लागायचे बंद. आम्ही रंग बदलले, आमिष बदललं, जागेला शिव्या दिल्या. मासे तळालाच होते, आमचं आमिष मात्र पाण्याबरोबर वर आलं होतं. सरकत्या बोयाची गाठ तेवढी वर घेतली असती तर काम झालं असतं. क्रॅपीच्या तळ्यात पाणी स्थिर असतं. आपल्याकडे भरती-सुकतीबरोबर दर अर्ध्या तासाने गाठ बघायला हवी, उधाणाच्या दिवसांत त्याहून लवकर.

बोयाचं वजन जुळवणं चालेल. खुणा वाचणं चालेल.

जिग मात्र माशाप्रमाणे. तामसो, चोणक, गोबरो हे शिकारी मासे, त्यांची लहान वयाची मासळी जिगवर येते. पण तिथे क्रॅपीचं बारीक तंगूस चालणार नाही, दात नि कल्ले कापून टाकतील. काळुंदर जास्त करून शेवाळ आणि तळाचा गाळ-कण खाते, तिला पिसांचा जिग दाखवून उपयोग कमी. तिच्यासाठी हीच मांडणी ठेवा, जिगच्या जागी छोटी गरी आणि गांडूळ किंवा पिठाची गोळी लावा. शिवाय ती वर बघून खात नाही, म्हणून आमिष तळाजवळ.

पावसाळ्यात नदीचं पाणी लाल-गढूळ येतं. तेव्हा गडद नाहीतर झगझगीत रंगाचा नियम लावून बघा.

शेवटचं, पण महत्त्वाचं

वसंतात क्रॅपीचा नर घरट्यावर राखण करतो. अंग काळं पडतं, जवळ येईल त्यावर धावून जातो. म्हणून तो पटकन गरीला लागतो. तो उचलला की त्याच्यामागची अंडी उघडी पडतात, दुसरे मासे ती खाऊन टाकतात. आपल्या काळुंदरीचं तर नर-मादी दोघंही पिल्लं राखतात. काठाच्या उथळ पाण्यात काळुंदरीची जोडी आणि त्यांच्यामध्ये पिल्लांचा ढगासारखा थवा आपण सगळ्यांनी बघितलाय. तिथे गरी टाकली तर जोडी मिळेल, सोपी मिळेल. पण ते दोन मासे नव्हेत, तो पुढच्या वर्षीचा पूर्ण थवा आहे. बंदीत आपण समुद्राला ६१ दिवस देतो. खाडीतल्या त्या जोडीला पंधरा दिवस द्यायला काय हरकत आहे? आपली पोरंच उद्या तिथे गरी टाकणार.

आणि एक विनंती. परदेशातला मासा चांगला वाटला म्हणून तो आणून आपल्या तळीत सोडायचा विचार कोणी करू नये. क्रॅपी तिच्या देशातसुद्धा लहान तळ्यात सोडली की बेसुमार वाढते, खाणं पुरत नाही, आणि सगळे मासे बोटभरच राहतात. आपल्याकडे तिलापिया १९५२ साली आणला, तो आता किती पाण्यांत पसरलाय ते आपण बघतोच. मासा तिथलाच राहू दे. विद्या तेवढी आणूया.

या आठवड्याचा अभ्यास : बादलीभर पाणी, एक बोया, शिशाचे मणी. घरातल्या पोरांना बरोबर बसवा. दोऱ्याची गाठ त्यांना बांधू द्या, त्यांची बोटं बारीक असतात, गाठ चांगली बसते. बोयाचं टोक तेवढं पाण्यावर राहिलं की धडा आला म्हणून समजा. काही अडलं तर कार्यालयात या, बांधलेला नमुना टेबलावर ठेवलेला आहे.

पाण्यावर जाताना लाइफ जॅकेट घाला. पावसाळ्यात खाडीचा ओढा बोयापेक्षा जोरात बोलतो.